वेशीपलीकडचे लग्न : भोर ‘परदेश’ होते तेव्हा

सिंहगडाच्या कल्याण दरवाज्याकडून नैर्ऋत्येला नजर टाकली, की स्वच्छ हवेत राजगड आणि तोरणा एका ओळीत दिसतात. गडवेड्या माणसांना हे तीन गड म्हणजे एकच मुलूख वाटतो, आणि शिवकालाच्या दृष्टीने ते खरेही आहे. मात्र १८१८ नंतरची सुमारे सव्वाशे वर्षे या नजरेच्या वाटेत एक सीमा होती. सिंहगड हवेली तालुक्यात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात होता. राजगड आणि तोरणा पंतसचिवांच्या भोर संस्थानात. कायद्याच्या चष्म्यातून पाहिले, तर सिंहगडावर उभा असलेला माणूस परदेशाकडे पाहत होता.

‘परदेश’ ही येथे अलंकारिक भाषा नाही. संस्थानांचा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेरचा मानला जाई. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे संस्थानी न्यायालय हे ‘परकीय न्यायालय’ आणि त्याचा निवाडा हा ‘परकीय निवाडा’ होता. भोरची प्रजा ही ब्रिटिश प्रजा नव्हती; तिचा दर्जा ‘ब्रिटिश संरक्षणाखालील व्यक्ती’ असा होता. मुंबईच्या कायदेमंडळात किंवा दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात झालेला कायदा भोरमध्ये आपोआप लागू होत नसे. तेथे दरबाराचा हुकूम लागे. तेव्हा पुण्याच्या वऱ्हाडाने कात्रजचा घाट ओलांडून भोरच्या हद्दीत लग्न लावले, तर ते परदेशात लागलेले लग्न ठरे. त्यासाठी जहाज नको, पारपत्र नको, बैलगाडी पुरे.

या परदेशाची थोडी ओळख आवश्यक आहे. शंकराजी नारायण हे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील सचिव. मोगलांशी चाललेल्या त्या बिकट झुंजीत मावळातील किल्ले राखण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि भोर संस्थानाचे मूळ त्यांच्यापाशी जाते. सुमारे ९०० चौरस मैलांच्या या संस्थानाचे विभाग किल्ल्यांवरून ओळखले जात: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड, घाटाखालचा सुधागड आणि उत्तरेकडील पवनमावळ. आजचा भोर तालुका आणि वेल्हे, म्हणजे हल्लीचा राजगड तालुका, हा याच मुलखाचा गाभा. सचिवांचे नाते आधी साताऱ्याच्या गादीशी होते. सातारा खालसा झाल्यावर ते थेट इंग्रजांशी जडले. अंतर्गत कारभार मात्र पंतसचिवांच्याच हाती राहिला.

लोकांच्या दृष्टीने ही सीमा जवळजवळ अदृश्य होती. हवेलीतील घराण्याची सोयरीक गुंजवणीच्या खोऱ्यात, वाईकडील मुलगी भोरात, भोरची मुलगी पुरंदरात हे नित्याचेच. कुलदैवत एका हद्दीत, शेत दुसऱ्या हद्दीत, असेही असे. त्यामुळे लग्नासाठी सीमा ओलांडणारे वऱ्हाड पाहून कोणाच्या भुवया उंचावण्याचे कारण नव्हते. १९३०च्या एप्रिलपासून मात्र अशा प्रवासाला एक नवा अर्थ प्राप्त झाला.

त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस बालविवाह प्रतिबंधक कायदा अमलात आला. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी तो मांडला म्हणून तो सारडा कायदा. मराठीत त्याचा ‘शारदा कायदा’ झाला. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९च्या ‘शारदा’ नाटकातही कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न असल्यामुळे अनेकांना हे नाव नाटकावरूनच पडले असे वाटते. तो निव्वळ योगायोग, पण मोठा समर्पक. कायद्याआधी संमतिवयाच्या चौकशीसाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते. १८९१च्या संमतिवयाच्या विधेयकावरून ज्या महाराष्ट्रात एवढे रण माजले होते, त्याच महाराष्ट्रातील एका वकिलाच्या नेतृत्वाखाली हा पुढचा टप्पा गाठला गेला.

कायद्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. अठरा ते एकवीस वर्षांच्या वराने बालिकेशी लग्न केल्यास १००० रुपयांपर्यंत दंड. एकवीसच्या पुढच्या वरास एक महिन्यापर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. लग्न लावणारा भटजी आणि लग्न ठरवणारे पालक यांनाही शिक्षा होती. स्त्रियांना मात्र कैद नव्हती. कागदावर हे सारे कडक दिसते. प्रत्यक्षात कायदा फार हातचे राखून केलेला होता. तक्रार एका वर्षाच्या आत व्हावयास हवी. तक्रारदाराकडून १०० रुपयांपर्यंत जामीनकी घेतली जाई. म्हणजे शेजारच्या पोरीसाठी तोंड उघडणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशाचा विचार करावयाचा. मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा शहरांबाहेर जिल्हा मॅजिस्ट्रेटखेरीज दुसरे कोणतेही न्यायालय खटला घेऊ शकत नसे. सर्वांत मोठी गोष्ट अशी, की लागलेले लग्न रद्द होत नसे. करणारा गुन्हेगार ठरे, पण लग्न कायम राही.

आणि हा कायदा लागू होता तो केवळ ब्रिटिश हिंदुस्थानात.

येथे कारभाराची एक गंमत पाहण्यासारखी आहे. डेक्कन स्टेट्स एजन्सी स्थापन होईपर्यंत पुण्याचा कलेक्टर हाच भोरचा पोलिटिकल एजंट असे. कलेक्टर म्हणजेच जिल्हा मॅजिस्ट्रेट. हवेलीत बालविवाह झाला, तर खटला चालवण्याचा अधिकार ज्या एका पदाला होता, त्याच पदावरील माणूस भोरच्या बाबतीत फार तर दरबाराला सल्ला देऊ शकत होता. माणूस एक, टेबल एक. गाव कोणत्या हद्दीत आहे यावर त्याच्या लेखणीतील बळ ठरे.

समजा, हवेलीतील एका घरात अकरा वर्षांची मुलगी आहे. स्थळ चांगले आहे, वर बावीस वर्षांचा आहे. लग्न दारातच लावले, तर वराला कैद आणि बापाला व उपाध्यायाला शिक्षा होण्याची भीती. तेच लग्न वेल्ह्याच्या बाजूस एखाद्या नातलगाच्या अंगणात लावले, तर मंगलाष्टके तीच, लाजाहोम तोच, सप्तपदी तीच आणि वऱ्हाडाचे जेवणही तेच. गुन्हा मात्र नाही, कारण कायद्याची सत्ता जेथे चालते त्या भूमीवर काही घडलेच नाही. वऱ्हाड परत आले की मुलगी विवाहित, लग्न वैध आणि सर्वजण निर्दोष. संस्थानी मुलखात, तसेच फ्रेंच आणि पोर्तुगीज वसाहतींत जाऊन लग्न उरकण्याची ही युक्ती देशभर वापरली गेली. बंगाल्यांना चंद्रनगर जवळ होते, तमिळांना पाँडिचेरी, आणि पश्चिम महाराष्ट्राचा तर नकाशाच संस्थानांच्या ठिगळांनी भरलेला: भोर, फलटण, औंध, सांगली, मिरज, जमखिंडी, जत.

युरोपचा इतिहास वाचणाऱ्यांना येथे ग्रेटना ग्रीन आठवेल. इंग्लंडमध्ये १७५३च्या लॉर्ड हार्डविकच्या कायद्याने एकवीस वर्षांखालील मुलामुलींच्या लग्नाला पालकांच्या संमतीची अट घातली. स्कॉटलंडमध्ये ती अट नव्हती. दोन साक्षीदारांपुढे एकमेकांना पती-पत्नी म्हटले की पुरे. मग इंग्लिश प्रेमी युगुले घोडागाडी पिटाळीत सीमेवरील ग्रेटना ग्रीन गावी जात आणि लोहाराच्या ऐरणीपुढे लग्न लावीत. १८५६ मध्ये एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट घालून हा ओघ रोखण्यात आला. दोन्हीकडे युक्ती एकच, पण दिशा उलटी आहे. ग्रेटना ग्रीनला मुले वडीलधाऱ्यांपासून पळत होती. आपल्याकडे वडीलधारी माणसे मुलांना घेऊन कायद्यापासून पळत होती. ग्रेटना ग्रीनच्या गोष्टीत नवरीला निदान कोठे जायचे आहे हे ठाऊक असे.

संस्थाने म्हणजे मागासलेपण आणि ब्रिटिश मुलूख म्हणजे सुधारणा, अशी सरळ वाटणी मात्र कोणी करू नये. म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्येच आठ वर्षांखालील मुलींच्या लग्नावर बंदी घातली. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने १९०४ मध्ये मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १६ वर्षांची मर्यादा आणली. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात लग्नाच्या वयाचा कायदाच नव्हता, होता तो केवळ शरीरसंबंधाच्या संमतीच्या वयाचा. बडोद्याने १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदाही केला. मुंबई प्रांताला त्यासाठी १९४७ उजाडावे लागले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. प्रत्येक हद्दीत वेगळा कायदा असल्यामुळे, ज्याला जे टाळावयाचे त्याला त्यासाठी सोयीची वेस सापडे, हे खरे दुखणे होते.

वेस उलट दिशेनेही ओलांडावी लागे. भोरमधील कोणा प्रौढ स्त्री-पुरुषांना धार्मिक विधी टाळून नोंदणी विवाह करावयाचा असता, तर त्यांना ब्रिटिश मुलखाचा रस्ता धरणे भाग होते. १८७२चा तिसरा कायदा ही त्याची वाट. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात १४ दिवस राहावयाचे, मग निबंधकाला नोटीस द्यावयाची, आणखी १४ दिवस हरकतींची वाट पाहावयाची, आणि शेवटी तीन साक्षीदारांसमोर प्रतिज्ञा. मूळ कायद्यात आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन वा ज्यू धर्म मानीत नाही, असेही जाहीर करावे लागे. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांतील लग्नासाठी या घोषणेतून मोकळीक मिळाली. सीमा ओलांडून अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न एका दिवसात उरकता येत होते. स्वतःच्या मर्जीने लग्न करू पाहणाऱ्या प्रौढांना जवळजवळ महिना परक्या गावात काढावा लागे.

सारडा कायद्यातील पळवाट बुजवण्याचे काम १९३८ मध्ये झाले. त्या दुरुस्तीची शब्दरचना मोठी रोचक आहे. कायदा आता हिंदुस्थानच्या कोणत्याही भागात असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांना व सरकारी नोकरांना, आणि हिंदुस्थानात अधिवास असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांना ते जेथे असतील तेथे लागू झाला. ही शब्दरचना १९३५च्या गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया ॲक्टच्या ९९व्या कलमातून उतरली आहे. देशाबाहेर घडणाऱ्या गोष्टींबाबत कायदा करण्याची मध्यवर्ती विधिमंडळाची मुभा त्या कलमाने तेवढीच आखून दिली होती. त्या ॲक्टच्या परिभाषेत ‘हिंदुस्थान’ या शब्दात संस्थानेही येत. म्हणजे भोरच्या दरबाराला न विचारता, भोरच्या भूमीला हातही न लावता, भोरमध्ये आलेल्या पुणेकरावर कायद्याने बोट ठेवले. पूर्वी कायदा भूमीला चिकटलेला होता. आता तो माणसाच्या पाठोपाठ चालू लागला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका दुरुस्तीने ठरलेला बालविवाह मनाई हुकमाने थांबवण्याचा अधिकारही न्यायालयांना मिळाला.

आता पुन्हा त्या अंगणाकडे पाहू. हवेलीतून वेल्ह्याला आणलेली अकरा वर्षांची मुलगी १९३८ नंतर या कायद्याच्या कक्षेत आली. त्याच अंगणात तिच्या शेजारी उभी असलेली, वेल्ह्यातच जन्मलेली तिच्या वयाची मामेबहीण आली नाही. ती ब्रिटिश प्रजा नव्हती. तिच्यासाठी भोरचा दरबार जे करील तेच आणि तेवढेच. एका मांडवात दोन मुली, दोघींचे वय एक, भाषा एक, कुलदैवत एक. एकीच्या लग्नाला शिक्षा आणि दुसरीच्या लग्नाचा त्या कायद्याशी संबंध नाही. सुधारणेच्या इतिहासात कायद्यांच्या तारखा ठळक छापल्या जातात, आणि तो कायदा कोणाला लागू नव्हता, हे तळटीपेत राहते. मावळातील हजारो मुली या तळटीपेत राहत होत्या.

वेशीचा दुसरा मोठा उपयोग दुसऱ्या बायकोसाठी झाला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी केली. सारडा कायद्याचा धडा ताजा असल्यामुळे मसुदा करणाऱ्यांनी चौथ्या कलमातच तरतूद ठेवली: विवाह प्रांताबाहेर झाला तरी, दोघांपैकी एकाचा अधिवास प्रांतात असल्यास तो रद्दबातल. येथे तर सारडा कायद्याच्या पुढे पाऊल होते, कारण नुसती शिक्षा नव्हे, लग्नच शून्य. पुढे ८ मार्च १९४८ रोजी भोरसह दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि सिंहगड-राजगड यांच्यामधील वेस मिटली. १९४९ मध्ये सारडा कायद्यातील मुलीचे वय १५ वर गेले.

द्विभार्या बंदीचा कायदा १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी खटल्यात कसोटीस लागला. न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी तो घटनेशी सुसंगत ठरवला. हा निकाल व्यक्तिगत कायदे आणि मूलभूत हक्क यांच्या संदर्भात आजही वाचला जातो. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेला निकाल नारायणदास मंगीलाल दायमे खटल्याचा. येथे मुंबई राज्यातील माणसाचे दुसरे लग्न बिकानेरला झाले होते, म्हणजे पुन्हा वेशीपलीकडे. राज्याच्या विधिमंडळाला राज्याबाहेर लागलेल्या लग्नाला गुन्हा ठरवता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिला. १९३८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाला जे साधले, ते प्रांताला साधणार नव्हते. तोवर १९५५चा हिंदू विवाह कायदा आला होता. त्याने मुंबईचा कायदा रद्द करून एकपत्नीत्वाचा नियम देशभर नेला, आणि भारतात अधिवास असलेले हिंदू देशाबाहेर असले तरी त्यांनाही तो लागू केला.

स्थळ आणि व्यक्ती यांचा हिशेब लागला तरी विधी उरतोच. लग्न कोठे लागले, कोणाचे लागले, याइतकाच ते कसे लागले हा प्रश्न जुना आहे. इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी मार्च १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. महाराजांच्या आधीच्या राण्या हयात असल्यामुळे १८७२च्या नोंदणी विवाहाची वाट बंद होती. तो कायदा एकपत्नीत्वाचा होता. मग वाट उरली धर्मविधीची. त्यासाठी वधू हिंदू हवी, तिला जात हवी, आणि कन्यादान करावयास आईबापही हवेत. नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने तिची शुद्धी झाली, ‘शर्मिष्ठा’ हे नाव ठेवले गेले, एका धनगर घराण्याने तिला दत्तक कन्या मानले, आणि त्यानंतर बडवाह येथे लग्न लागले. परदेशी वधूच्या कागदपत्रांची पूर्तता म्हणतात ती हीच. कागदाऐवजी होमकुंड होते एवढेच.

विधी नीट पार न पडल्यास काय होते, ते १९६५च्या भाऊराव लोखंडे खटल्यात दिसले. पहिली पत्नी असताना १९६२ मध्ये ‘गांधर्व’ पद्धतीने दुसरे लग्न झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झालेच नाहीत, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दुसरे लग्न झालेले नाही. म्हणून द्विविवाहाचा गुन्हाही नाही. आरोपी सुटला. पूर्वी वेस ओलांडून जे साधत असे, ते आता सात पावले न टाकता साधले.

याच्या अगदी उलट प्रसंग दक्षिण आफ्रिकेत घडला होता. विधी पूर्ण, संसार जुना, पण देश परका. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माप्रमाणे झालेली लग्ने तेथील कायद्याला मान्य नाहीत. हिंदू आणि मुसलमान स्त्रिया एका दिवसात कायद्याच्या नजरेत पत्नीपदावरून खाली आल्या. पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले त्याआधी काही महिन्यांपूर्वीच, १९१२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेथील हिंदी लोकांची स्थिती पाहून आले होते. निकालानंतरच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, आणि गोखल्यांनी हिंदुस्थानात चळवळीसाठी निधी उभा केला. १९१४च्या कायद्याने अखेर एका पत्नीचे लग्न ग्राह्य धरले.

आज परदेशात लग्न करणाऱ्या भारतीयासमोर १९६९चा विदेशी विवाह कायदा असतो. दोघांपैकी एक भारतीय नागरिक हवा, वर २१ आणि वधू १८ वर्षांची हवी, कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नको. दूतावासातील विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावयाची, ३० दिवस हरकतींची मुदत, तीन साक्षीदारांसमोर घोषणा; विधी हवा तो. अंतरपाट धरून मंगलाष्टके म्हटली तरी चालतात, मात्र एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे ठरलेले शब्द उच्चारावेच लागतात. आणि त्या देशाच्या कायद्यात असे लग्न निषिद्ध असल्यास अधिकारी ते लावण्यास नकार देऊ शकतो. म्हणजे व्यक्तीचा कायदा सोबत येतो, पण भूमीचा कायदा दारात उभाच असतो.

बालविवाहापुरते बोलावयाचे, तर सारडा कायद्याची जागा २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने घेतली. तो देशाबाहेरील सर्व भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पहिल्याच कलमात मात्र एक अपवाद आहे: पुदुच्चेरीतील ‘रेनाँसाँ’ यांना तो लागू नाही. फ्रेंच अमलात, १८८१च्या हुकमानुसार, ज्यांनी आपला व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच नागरी संहिता स्वीकारली, त्यांचे हे वंशज. ज्या फ्रेंच हद्दीत एकेकाळी सारडा कायदा चुकवणारी वऱ्हाडे उतरत, ती हद्द नकाशावरून केव्हाच गेली. कायद्याच्या त्या एका परंतुकात ती अजून आखलेली आहे.